बिनचूक पडणं

आमच्या घरात एक शब्द मी तोंडातून काढायचा नाही, असा नियम आहे. रात्री सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, तसंच हे. शब्द अगदी साधा आहे: सोड. लिहिला तर चालतो, मी बोलायचा तेवढा नाही. म्हणून मी ‘नळाला पाणी सोडलं का’ असं विचारत नाही, ‘पाणी आलं का’ विचारते. शेजारच्या हजारेवहिनी नवऱ्याची गाऱ्हाणी घेऊन आल्या की ‘जाऊ द्या हो’ म्हणते. सुरुवातीला जीभ अडखळायची, आता नाही अडखळत. माणसाला कशाचीही सवय होते, मेलं तेच वाईट आहे.

मी वर्षाराणी चौगुले. सांगलीत पोरींना मल्लखांब शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. मॅडमची जीभ तिखट आहे, असं माझ्या विद्यार्थिनी मागे बोलतात. खरंच आहे ते, मी कुठं नाही म्हणते? ईश्वरी माझी एकुलती एक. तिचे वडील ती बालवाडीत असतानाच गेले. त्यामुळे ओरडायलाही मीच आणि जवळ घ्यायलाही मीच.

पोरीनं खांब धरावा ही माझी इच्छा. पण कृष्णेच्या पाण्यापासून गाव वाचवायला नदीकाठानं ती लांबलचक पूरभिंत बांधली आणि सगळंच फिसकटलं. भिंतीला गावाच्या बाजूनं गुळगुळीत सिमेंटचा उतार आहे. आम्हाला त्यात भिंत दिसली, पोरांना घसरगुंडी दिसली. लहान चाकांच्या, बिनगिअरच्या सायकली घेऊन ती उतारावरून सुसाट खाली यायची, समोरच्या चढावरून हवेत उडायची, हवेतच सायकल गर्रकन फिरवायची आणि परत चाकांवर उतरायची. फ्रीस्टाइल म्हणतात त्याला. ईश्वरी सातवीत होती. एक दिवस खांबावरून उतरली ती थेट सायकलवर जाऊन बसली.

मी डोक्याला हात लावला, पण अडवलं नाही. अडवून ऐकणारी असती तर माझी मुलगी कशाला झाली असती? फक्त एक अट घातली. “इशू, खांबावर चढायच्या आधी मी काय शिकवते?”

“पडायला.”

“मग सायकलवरही आधी तेच.”

हवेत सायकलचा तोल बिघडला की हँडल सुटत नाही, हात भीतीनं आवळतात आणि माणूस सायकलसकट आदळतो. म्हणून मी उताराच्या पायथ्याशी उभी राहायची आणि तिचा अंदाज चुकला असं दिसलं की बेंबीच्या देठापासून ओरडायची, “सोड!” ती हात उघडायची, सायकल दूर भिरकावायची, डाव्या खांद्यावर वळायची आणि गडगडत जाऊन उभी राहायची. सायकल एकीकडे, पोरगी एकीकडे. लोक म्हणायचे, बाई येडी आहे, एवढी महागाची सायकल फेकायला लावते. मी म्हणायचे, सायकल बाजारात मिळते, मान मिळत नाही.

त्या भिंतीवर सारंग परचुरे भेटला. पुण्याचा, इंजिनिअरिंगला सांगलीत आलेला, पोरांचे व्हिडिओ काढायचा. या सायकलवाल्यांची एक रीत आहे, ती सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीनंच झालं. एक उडी जमावी म्हणून पोरं दुपारभर आपटतात, गुडघे फुटतात, रडतात. शेवटी एकदा जमते. तेवढी एकच ठेवायची, बाकी सगळं पुसून टाकायचं. पडलेलं दाखवायचं नाही, हा त्यांचा धर्म. मग आपण मोबाइलवर बघतो तेव्हा वाटतं, अरे वा, या पोरीला पंखच आहेत की.

सारंग तिच्या उड्या पुसता पुसता तिच्या प्रेमात पडला. मीही त्याला जावई म्हणून मनात धरला होता. मला काकू म्हणायचा, आल्या आल्या पातेल्यांवरची झाकणं उघडून बघायचा. पुण्याचा असून आमच्या हातचा तिखट रस्सा डोळ्यांतून पाणी काढत खायचा, म्हणजे माणूस प्रामाणिक होता.

शिक्षण संपल्यावर तो पुण्यात एका गेम बनवणाऱ्या कंपनीत लागला. तिथं त्यानं ‘कोलांटी’ बनवायला घेतला. सायकलच्या उड्यांचा गेम. तसे गेम आधीही ढिगानं होते, पडद्यावरचा माणूस उडायचा आणि आपण बटणं दाबायची. ‘कोलांटी’त उडायचं ते आपणच.

ते कसं, हे सारंगनं मला आमच्या स्वयंपाकघरात बसून समजावलं होतं.

“काकू, अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटतं आणि नसते, तेव्हा काय होतं?”

“काळजात धस्स होतं.”

“ते धस्स महत्त्वाचं. डोक्याच्या मागे लहान मेंदू असतो. तो प्रत्येक हालचालीचा आधीच अंदाज बांधतो. अंदाज चुकला की त्याला एक टोचणी मिळते: चुकलं. त्या टोचणीतून तो पुढचा अंदाज सुधारतो. मूल चालायला शिकतं ते असंच, टोचण्या खात खात.”

“आणि तुझा गेम?”

त्यानं खिशातून हाताच्या तळव्याएवढी मऊ पट्टी काढली. ही मानेवर वर, केसांखाली लावायची. तिच्यातून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी लहान मेंदूत जातात. त्या दोन कामं करतात. एक, खऱ्या खेळाडूच्या मेंदूतून नोंदवून घेतलेली उडी खेळणाऱ्याच्या मेंदूत जशीच्या तशी वाजवतात, एखाद्या ध्वनिमुद्रणासारखी. दोन, ती टोचणी बंद करतात. त्यामुळे घरात एका जागी उभ्या केलेल्या सायकलवर बसलेल्या माणसाला पहिल्याच झटक्यात वाटतं की आपण हवेत दोन गिरक्या घेतल्या आणि कुठंही चुकलो नाही.

“टोचणी का बंद करायची?” मी विचारलं.

“मजा येत नाही काकू. टोचणी असली तर माणूस खेळ बंद करतो.”

मी कांदा चिरत होते. मला ते पटलं. खेळात कशाला पाहिजे टोचणी, असंच मलाही वाटलं.

तो खरा खेळाडू म्हणजे अर्थात आमची ईश्वरी. डोक्यावर तारांची टोपी घालून ती पूरभिंतीवर उडत राहिली आणि तिच्या मेंदूतलं सगळं नोंदलं गेलं. ती पडलीही पुष्कळ. पण नोंदी निवडायला बसले कोण? सारंग आणि ईश्वरी. दोघंही त्याच भिंतीवरची. त्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणं जमलेल्या उड्या ठेवल्या आणि पडलेल्या काढून टाकल्या. एवढंच झालं. कुणी पाप केलं नाही, कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं.

‘कोलांटी’ घरोघर गेला. महापालिकेच्या शाळेतली पोरंसुद्धा भाड्यानं पट्टी आणून खेळायची. ईश्वरीचं चित्र खोक्यावर, केशरी हेल्मेट घातलेलं. मी बाजारात गेले की भाजीवाली विचारायची, “मॅडम, त्या उडणाऱ्या पोरीची आई तुमीच न्हवं का?” मी मान ताठ करून म्हणायचे, “व्हय.”

मग देशपातळीच्या निवडीआधी ईश्वरीचं मनगट मोडलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. शरीर विसरू नये म्हणून ती घरी ‘कोलांटी’ खेळायला लागली. स्वतःचाच मेंदू स्वतःच्या मेंदूवर वाजवायचा, यात धोका काय असणार? सकाळी खेळायची, दुपारी खेळायची, जेवताना पट्टी मानेवरच असायची. प्लास्टर निघालं, ती भिंतीवर गेली आणि लोकांनी तोंडात बोटं घातली. पूर्वी दहादा करून एकदा जमणारी उडी ती दरवेळी मारत होती. पोरं ओरडत होती, “नाद करायचा नाय!” सारंग मोबाइल धरून रडत होता, आनंदानं.

चौथ्या की पाचव्या उडीला पायडलवरून तिचा पाय सरकला. मी खालीच होते. मी ओरडले. तिनं ऐकलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा. पण तिचे हात उघडले नाहीत. तिच्या चेहऱ्यावर भीतीही नव्हती, सगळं ठीक चाललंय असाच चेहरा होता. ती हँडल घट्ट धरून, सरळ, आहे तशी सिमेंटवर आली. तो आवाज मी इथं लिहिणार नाही.

जीव वाचला. हाडं जुळली. पण ती परत चालायला शिकेना.

मिरजेच्या डॉक्टर रुबीना मुजावर बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. बाई स्पष्ट बोलणाऱ्या, मला तसलीच माणसं आवडतात. “ईश्वरीचे पाय ठीक आहेत, डोकंही ठीक आहे. पण पट्टीनं टोचणी इतके दिवस बंद ठेवली की आता ती पट्टी काढल्यावरही बंदच राहिलीय. मेंदूला चूक झाली हे कळतच नाही. चूक कळली नाही तर तो शिकणार कशातून?”

“म्हणजे ही चालणार नाही?”

“घरात चालेल. ती फरशी तिच्या जुन्या आठवणीत आहे. पण नवी जागा, नवी चप्पल, ओली जमीन, काहीही बदललं की पडेल. आणि पडताना हात पुढे येणार नाहीत.”

“औषध?”

“अजून तरी नाही. आणि मॅडम, ही एकटी नाही. माझ्याकडं रांग लागलीय.”

रांग मला मिरजेला जाऊन बघायची गरज पडली नाही. माझ्याच वर्गात आली ती. त्या वर्षी नवीन आलेल्या पोरींपैकी बहुतेक जणी ‘कोलांटी’वर वाढलेल्या. पूर्वा नावाची एक गोड पोरगी होती. खांबाला पायांची मिठी मारून वर सरकायचं, एवढंच शिकवत होते. तिचा डावा पाय निसटायचा आणि ती गादीवर यायची. परत चढायची, त्याच जागी तोच पाय निसटायचा. आठवडे गेले, महिना गेला. मी ओरडले, समजावलं, हातानं पाय धरून दाखवला. पालथ्या घड्यावर पाणी. आणि दरवेळी खाली पडून ती हसत विचारायची, “मॅडम, जमलं ना?”

तिला खरंच वाटत होतं की जमलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून “हो” म्हटलं आणि मागच्या खोलीत जाऊन रडले. एवढी वर्षं शिकवतेय, कधी कुणा पोरीला खोटं ‘हो’ म्हटलं नव्हतं. पुढं मी वर्ग बंद केला. शिकूच न शकणाऱ्या पोरींना शिकवायला माझ्यात बळ उरलं नाही.

घरात मी ईश्वरीच्या मागे मागे हिंडायची. खांबाशी उभं राहतात तसं, हात पसरून, गुडघे थोडे वाकवून. ती चिडायची. “आई, मी काय खांबावर दसरंग करतेय का? संडासला चाललेय!”

“जा की मग. मी कुठं धरलंय?”

“तू श्वास घेतेस ना मागे, तो ऐकू येतो.”

सारंगशी ठरलेलं लग्न तिनं मोडलं. तो दर रविवारी पुण्याहून यायचा, तिच्यासमोर बसायचा, तिच्या पायांकडे बघायचा. एकदा ती म्हणाली, “तू माझ्याकडं बघतोस तेव्हा तुला मी दिसत नाही, गेममधली गडबड दिसते. जा तू.” तो गेला. मला वाटलं, सुटला बिचारा. पण तो परत आला. नोकरीचा राजीनामा देऊन आला.

“काकू, मी हिचं एक पडणं पुसलं नव्हतं.”

“का?”

तो ओशाळला. “हसायला. ती सायकल भिरकावते आणि सायकल जाऊन तुमच्या डब्यावर आदळते, तो दिवस. आम्ही दोघं ते बघून पोट धरून हसायचो. ती नोंद माझ्याकडे आहे, मेंदूची सगळी. त्यात टोचणी आहे. खरी.”

डब्यात धपाटे होते, मला आठवलं. सगळे मातीत गेले होते आणि मी दोघांना शिव्या घातल्या होत्या.

सारंगचं म्हणणं असं: तीच पट्टी, पण तिच्यातून चुकलेली उडी वाजवायची. टोचणी बाहेरून देत राहायची. झोपलेल्या माणसाला हलवत राहिलं की कधीतरी उठतो, तशी आतली टोचणी उठेल. मुजावर बाई म्हणाल्या, खात्री नाही, पण दुसरं काही नाहीच आहे. ईश्वरी म्हणाली, “याहून वाईट काय होणार?”

आम्ही हॉलमध्ये गाद्या टाकल्या. ती त्या उभ्या सायकलवर बसायची, सारंग नोंद वाजवायचा. दिवसामागून दिवस काही नाही. हात हँडलवर मुठी आवळून तसेच. मी रोज देवापुढे उभी राहून भांडायची. मागायला मला जमत नाही, मी भांडते.

मग एक दिवस सारंगला आठवलं की त्या नोंदीत माझा आवाज आहे. तिच्या मेंदूत ते पडणं सुरू झालं होतं, ते मी ओरडल्यावरच. तो म्हणाला, “काकू, नोंद सुरू झाली की तुम्ही ओरडा. तेव्हासारखं.”

मी ओरडले. तिची बोटं उघडली.

एकेक करून नाही, सगळी एकदम. हँडल सुटलं, ती डाव्या खांद्यावर वळली आणि गादीवर गडगडत गेली. उठून बसली तेव्हा हसत होती, खरं हसू. मी तिला इतकी घट्ट धरली की ती म्हणाली, “आई, हाडं जुळलीत गं आत्ताच.” सारंग भिंतीला टेकून खाली बसला. त्या दिवशी मी पुरणाचा घाट घातला, सणवार काही नसताना. हजारेवहिनींना ताट पाठवलं. वाटलं, झालं, संपलं एकदाचं.

लवकरच पट्टी लागेनाशी झाली. मी ‘सोड’ म्हटलं की ती पडायची. हात उघडे, डावीकडे वळण, खांदा, गडगडणं. दरवेळी तसंच, केसाचाही फरक नाही. आणि तेच मला खटकायला लागलं. मी शेकडो पोरींना पडायला शिकवलंय. कुठलंही पडणं दुसऱ्यासारखं नसतं, कारण जमीन तीच असली तरी माणूस दरवेळी वेगळं चुकतं.

एकदा डावीकडे कपाट होतं. मी ओरडले, ती डावीकडेच वळली. कपाळ फुटलं. मी न ओरडता ती मोरीत घसरली, तेव्हा हात अंगाला चिकटलेले, ओंडक्यासारखी आडवी.

मुजावर बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, “टोचणी उठलेली नाही. तिनं हे पडणंसुद्धा उडीसारखं पाठ केलंय. ही चूक नाही, चुकीची नक्कल आहे. आणि ती नक्कल ती अगदी बिनचूक करतेय.”

सारंग उठून बाहेर गेला. ईश्वरीनं मला विचारलं, “म्हणजे आता मी तुझ्या आवाजावर पडणार?”

“मी बोलणारच नाही तो शब्द,” मी म्हटलं. तेव्हापासून तो नियम. घरातल्या डाव्या हाताच्या सगळ्या भिंतींना मी गाद्या बांधल्या, पलंगाच्या, सोफ्याच्या, माझ्या बंद वर्गातल्या. खरी वेळ आली तर मी ओरडणार, एरवी नाही. निदान एक पडणं तरी माझ्या हातात राहिलं, असं मी मनाला समजवायची. बुडत्याला काडीचा आधार.

इकडे त्या कंपनीनं गेमची नवी आवृत्ती काढली. तिच्यात पडण्याचाही आनंद घेता येतो म्हणे. कोळसा उगाळावा तितका काळाच.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी ईश्वरी म्हणाली, “आई, मला भिंत बघायचीय. घाटावरून दिसते ना, तिथून.”

नको म्हणायला हवं होतं. पण कित्येक महिन्यांनी तिनं काही मागितलं होतं. आम्ही घाटावर गेलो. पायऱ्या उतरताना मी एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून, उलटी चालत होते. तिचे दोन्ही हात माझ्या हातात. पलीकडे पूरभिंत रिकामी पडली होती. आता कोण उडणार तिच्यावरून?

“किती लहान दिसते इथनं,” ती म्हणाली.

पाण्याजवळच्या पायरीवर शेवाळ होतं. माझी टाच सरकली. मी मागे गेले आणि मला लक्षात आलं की तिनं माझे हात हँडलसारखे धरलेत. ती बोटं आपणहून उघडणार नव्हती. मी गेले की तीही येणार, डोकं पुढे, हात अडकलेले, खाली सगळा दगड. विचार असा केलाच नाही मी. तोंडातून आलं ते आलं.

“सोड!”

तिनं सोडलं. वळली, डाव्या खांद्यावर, बाजूच्या रुंद पायरीवर गडगडत गेली. खरचटलंसुद्धा नाही. मी खाली गेले आणि माझं खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात ती माझ्या उशाशी बसली होती. “आई, मी तुझा हात टाकला.”

“मी सांगितलं म्हणून. बरोबर केलंस.”

“मी केलं, का आपोआप झालं?”

मी म्हटलं, “तू केलंस.” तिनं माझ्याकडे बघितलं. पूर्वाला म्हटलेल्या ‘हो’सारखंच ते होतं, आणि ही तर माझ्या पोटची, तिला कळणारच.

आता मी खाटेवर. खुबा नीट बसला नाही, वयही झालं. तिच्या मागे हात पसरून उभं राहायला घरात कुणी नाही. मी पडल्या पडल्या तिची पावलं ऐकते. ती स्वयंपाकघरात गेली, फ्रीज उघडला, वळली, उंबऱ्याशी थांबली. प्रत्येक पावलाला माझा जीव टांगणीला.

परवा सारंग आला. त्यानं गळ्यात अडकवायचं एक लहान यंत्र बनवलंय. त्यातला कॅमेरा तिचा तोल जाताना बघेल आणि माझ्या आवाजात तो शब्द म्हणेल. “काकू, तुमचा आवाज लागेल.”

“म्हणजे मी गेल्यावरही मीच ओरडणार?”

त्यानं मान खाली घातली. “हो.”

“ते वेळेवर ओरडेल?”

“प्रयत्न केलाय.” खोटं बोलत नाही, हे त्याचं चांगलं आहे.

मी ईश्वरीला हजारेवहिनींबरोबर त्यांच्या घरी पाठवलं. दोन दारं पलीकडे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या. पहिल्यांदा मी म्हटलं तर तोंडातून नुसतं पुटपुटणं निघालं आणि खोकला आला.

“चालेल,” तो म्हणाला, “खोकला नंतर काढून टाकतो.”

“काही काढू नकोस. काढून काढूनच ही वेळ आलीय आपल्यावर.”

तो हळूच म्हणाला, “पण एवढ्या आवाजावर ती पडणार नाही काकू. भिंतीवर ओरडायचात तसं लागेल.”

त्यानं मला पाठीमागे उशा लावून बसवलं. मी डोळे मिटले. उतार दिसला, वर आभाळात केशरी हेल्मेट दिसलं, हवेत वाकडी झालेली सायकल दिसली. पोटात होता नव्हता तेवढा श्वास घेतला आणि ओरडले.

“सोड!”

“झालं,” सारंग म्हणाला. त्याच क्षणी दारात वाटी आपटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ लोखंडी जाळीवर काहीतरी जड आदळल्याचा.

दार उघडं होतं. खिडक्या लावल्या होत्या आम्ही, दाराकडं बघायचं राहिलं होतं. हजारेवहिनी गल्लीत लांब उभ्या होत्या, तोंडावर हात घेऊन. त्यांनी नंतर सांगितलं, ईश्वरी म्हणाली होती की मला धरू नका, मला माझं जाऊ द्या. एका हातानं भिंत धरत, एकेक पाऊल विचार करून टाकत ती त्यांच्या दोन पायऱ्या उतरली, खडबडीत गल्ली ओलांडली आणि आमच्या उंबऱ्यापर्यंत आली. दुसऱ्या हातात माझ्यासाठी खिरीची वाटी. एक पाऊल आत आलं होतं. तोवर खीर सांडलेली नव्हती.

घराच्या आतल्या सगळ्या भिंतींना गाद्या आहेत. दाराबाहेर डावीकडे जाळीचं फाटक आहे, तिथं गादी बांधायचं मला सुचलं नव्हतं.

सारंग धावला. मी खाटेवरून उठू शकत नव्हते. तिच्या भुवईतून रक्त येत होतं, हात दोन्ही उघडे होते, जसे असायला हवेत अगदी तसे. तिनं सारंगकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

“आई,” ती म्हणाली, “मी पडत नव्हते गं.”